खाटेवाचून उपचार : क्षयरोग-संशोधनातील मद्रासचे पर्व

आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांनी क्षयरोगास 'राजयक्ष्मा' असे नाव दिले. इतर रोग येतात आणि जातात. हा मात्र राजासारखा घरात ठाण मांडून बसतो, असाच अनुभव त्यामागे असला पाहिजे. स्वातंत्र्याच्या आसपासच्या पिढीत या रोगाचे नाव मोठ्याने उच्चारले जात नसे. कोणी 'छातीचे दुखणे' म्हणे, कोणी नुसतेच 'ते दुखणे' म्हणे. ठरलेली लग्ने मोडत, भाड्याची खोली सोडावी लागे, रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवले जाई. ज्याच्या घरी पैसा होता तो पाचगणीला किंवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीला जाई. ज्याच्या घरी पैसा नव्हता तो चाळीतल्या कोपऱ्यात खोकत राही.

रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाचा जंतू जगापुढे ठेवला. शत्रू ओळखला गेला. परंतु त्यावर चालणारे शस्त्र मिळावयास आणखी साठ वर्षे लागली. या साठ वर्षांत जगभर एकच उपाय मान्य होता, तो म्हणजे सॅनेटोरियम. स्वच्छ हवा, संपूर्ण विश्रांती, सकस आहार आणि कुटुंबापासून दूर, महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे वास्तव्य. आपल्या देशातही ही कल्पना रुजली. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांच्या प्रयत्नांतून १९०९ साली सिमल्याच्या डोंगरात धरमपूर येथे क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. १९१२ साली पाचगणीस डॉ. बिलिमोरिया यांनी 'बेल-एअर' सुरू केले. मद्रास प्रांतात मदनपल्ली, मुंबईत शिवडी ही नावे घराघरांत परिचित झाली. दानशूर मंडळींनी वॉर्ड बांधून दिले, खाटा देणगीदाखल दिल्या, दारावर संगमरवरी नामफलक बसले. त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या आधारे हे दान योग्यच होते, याविषयी दुमत नसावे.

प्रश्न होता तो हिशेबाचा. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा जो ताळेबंद मांडला, त्यात क्षयाचे सक्रिय रुग्ण सुमारे २५ लाख, दरवर्षीचे मृत्यू सुमारे ५ लाख आणि संपूर्ण देशातील क्षयरुग्णांसाठीच्या खाटा अवघ्या ६ हजारांच्या घरात होत्या. म्हणजे एका खाटेमागे चारशेहून अधिक रुग्ण. प्रत्येकास एक वर्ष खाट मिळावी असे ठरवले, तर रांगेतील शेवटच्या माणसाचा क्रमांक चार शतकांनंतर लागला असता. शिवाय १९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जी देशव्यापी पाहणी केली, तीत आणखी एक समजूत खोटी ठरली. क्षय हा शहरांतील कोंदट वस्त्यांचा रोग आहे असे सर्वजण मानीत; पाहणीत तो खेड्यांतही शहरांइतकाच पसरलेला आढळला. सॅनेटोरियमे किती बांधणार आणि कोठे कोठे बांधणार?

मधल्या काळात औषधे आली होती. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, पाठोपाठ पॅस हे औषध आले आणि १९५२ साली आयसोनियाझिड हे अत्यंत स्वस्त व गोळीच्या रूपात घेता येणारे औषध हाती आले. एकटे औषध दिले तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, हेही लवकरच कळून चुकले. म्हणून दोन औषधे एकत्र आणि तीही दीर्घकाळ देण्याचा नियम झाला. तथापि औषधे आल्यानंतरही तज्ज्ञांचे मत बदलले नव्हते. औषध द्यावयाचे ते सॅनेटोरियमच्या खाटेवरच, कारण विश्रांती, आहार व विलगीकरण यांच्याशिवाय औषध गुण देणार नाही, असा त्यांचा दृढ विश्वास होता. हा विश्वास कोणी पारखून पाहिलेला नव्हता. युरोपातील देशांना तशी गरजही भासली नव्हती. त्यांच्यापाशी खाटा होत्या.

ही पारख करण्याचे काम मद्रास शहरात झाले. भारत सरकारचे क्षयरोग सल्लागार डॉ. पी. व्ही. बेंजामिन हे स्वतः मदनपल्लीच्या सॅनेटोरियमचे प्रमुख राहिलेले गृहस्थ. खाटांच्या जोरावर हा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांना कोणी सांगावयास नको होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल या चौघांच्या सहकार्याने १९५६ साली मद्रासच्या चेतपेट भागात 'ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर' स्थापन झाले. डॉ. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश वैद्य त्याचे पहिले प्रमुख होते. संशोधनाचा प्रश्न साधा होता : तीच औषधे, तितकाच काळ, एका गटास सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्या गटास स्वतःच्या घरी दिली, तर फरक किती पडतो?

मद्रास शहरातील गरीब वस्त्यांमधून १९३ रुग्ण या अभ्यासात घेण्यात आले. कोणास घरी ठेवावयाचे आणि कोणास सॅनेटोरियममध्ये पाठवावयाचे, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले नव्हते. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने, कोणताही पक्षपात न होता ही विभागणी झाली. बरे दिसणारे रुग्ण एका बाजूस आणि खालावलेले दुसऱ्या बाजूस गेले असते, तर निष्कर्षाला काडीचीही किंमत उरली नसती. दोन्ही गटांस एक वर्षभर आयसोनियाझिड व पॅस ही औषधे दिली गेली. पॅस हे औषध आजच्या पिढीला ठाऊक नाही. रोज कित्येक ग्रॅम पोटात जावे लागे, चव कडू आणि पोट बिघडविणारी. ते वर्षभर नियमाने घेणे ही मोठी कसोटी होती.

सॅनेटोरियममधील गटास खाट, विश्रांती, परिचारिकांची देखरेख आणि भरपूर सकस आहार होता. घरच्या गटातील माणसे दाटीवाटीच्या एकेका खोलीत पाच-सहा जणांसह राहत होती. त्यांचा आहार निकृष्ट होता, त्यांपैकी अनेकजण थोडे बरे वाटताच कामावर जाऊ लागले, कारण न गेल्यास चूल पेटत नव्हती. दर आठवड्यास त्यांनी केंद्रात येऊन औषधे घेऊन जावयाची. केंद्राच्या आरोग्यसेविका आगाऊ वर्दी न देता घरी जात, उरलेल्या मात्रा मोजीत, लघवीचा नमुना घेऊन औषध खरोखर पोटात गेले आहे की नाही याची खात्री करीत. येथे एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. 'घरी उपचार' याचा अर्थ औषधाची पुडी हाती देऊन रुग्णाला वाऱ्यावर सोडणे, असा मद्रासच्या मंडळींनी कधीच घेतला नव्हता. खाट काढून घेतली, त्या जागी माणूस पाठविला.

१९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाच्या अखेरीस दोन्ही गटांतील बहुसंख्य रुग्णांच्या थुंकीतून जंतू नाहीसे झाले होते आणि दोन गटांतील फरक अगदी किरकोळ होता. सॅनेटोरियममधील रुग्णांचे वजन अधिक वाढले, हे खरे. पण रोग बरा होण्याच्या बाबतीत ते वजन निर्णायक ठरले नाही. पुढे पाच वर्षे या रुग्णांचा पाठपुरावा झाला, तेव्हाही चित्र पालटले नाही.

तरीही सर्वांत मोठी शंका बाकी होती. रुग्ण घरी राहिला तर घरातील मुलाबाळांना लागण होईल त्याचे काय? ही शंका निव्वळ वैद्यकीय नव्हती. तिच्या आधारावरच लाखो रुग्णांना घरातून, गावातून, जातीतून दूर लोटले गेले होते. मद्रासच्या संशोधकांनी दोन्ही गटांतील रुग्णांच्या घरची माणसे वारंवार तपासली. सॅनेटोरियमला गेलेल्यांच्या घरांपेक्षा घरी राहिलेल्यांच्या घरांत क्षयाचे प्रमाण अधिक आढळले नाही. कारण असे की, रोग ओळखला जाण्यापूर्वीच्या काळात जी लागण व्हावयाची ती होऊन गेलेली असते. योग्य औषध सुरू झाल्यावर रुग्णाची संसर्ग देण्याची शक्ती झपाट्याने ओसरते. ज्या माणसाला घाबरून दूर केले जाई, तो औषध घेत असताना फारसा धोकादायक नव्हता. धोकादायक होता तो अजून कोणाच्या ध्यानात न आलेला खोकला.

या निष्कर्षांवर टीका झाली नाही असे नाही. गरिबांसाठी दुय्यम दर्जाचा उपचार शोधून काढला आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. परंतु पुढील दशकात श्रीमंत देशांनीच आपली सॅनेटोरियमे एकामागून एक बंद केली आणि आपल्या नागरिकांना घरी राहून औषधे घेण्यास सांगितले. तुटपुंज्या साधनांच्या शहरात सिद्ध झालेली गोष्ट संपन्न देशांनी उचलली, याचा उल्लेख आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांत अभावानेच आढळतो.

उपचाराचा प्रश्न मद्रासने सोडविला. निदानाचा प्रश्न हाती घेतला तो बंगलोरने. तेथे १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. त्या काळी प्रगत देशांत क्ष-किरण यंत्रे गाडीवर घालून सगळ्या लोकसंख्येची छायाचित्रे काढीत. आपल्याकडे खेड्यांत वीज नाही, फिल्म महाग, आणि छायाचित्र काढले तरी ते वाचणाऱ्या दोन तज्ज्ञांचे एकमत होईलच असा भरवसा नाही. त्याउलट थुंकीची तपासणी जुनीच आणि साधी होती. रुग्णाने सकाळी खाकरून काढलेला बेडका काचपट्टीवर पसरवावयाचा, लाल रंग टाकून खालून तापवावयाचा, मग आम्लाने धुऊन वर निळा रंग द्यावयाचा. इतर सर्व पेशी आम्लाने रंग सोडतात; क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असल्यामुळे तो लाल रंग सोडीत नाही. सूक्ष्मदर्शकातून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसतात. आरशाने सूर्यप्रकाश घेणारा सूक्ष्मदर्शक असेल तर विजेचीही गरज नाही.

परंतु थुंकी तपासावयाची कोणाची? त्यासाठी घरोघरी फिरावयाचे काय? डॉ. देबाबर बॅनर्जी आणि डॅनिश तज्ज्ञ डॉ. स्टिग अँडरसन यांनी म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात एक वेगळाच शोध घेतला. क्षयरोग असल्याचे तपासणीत आढळलेल्या खेडुतांना त्यांनी विचारले, तुम्हाला काही त्रास जाणवत होता काय, आणि जाणवल्यावर तुम्ही काय केले? खेडूत अडाणी, त्याला आजाराची जाणीव नसते, तो दवाखान्याकडे फिरकत नाही, असे शहरातील जाणकार ठामपणे सांगत. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने उलटेच दाखविले. बहुतेकांना आपली लक्षणे ठाऊक होती. त्यांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन सरकारी दवाखान्याची पायरी चढले होते. तेथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन घरी पाठविण्यात आले होते.

इतिहासाच्या दृष्टीने ही बाटली फार बोलकी आहे. रुग्ण आपल्या पायांनी आला होता. काचपट्टी, रंग आणि सूक्ष्मदर्शक यांचा खर्च फार नव्हता. फक्त 'किती दिवसांपासून खोकला आहे' हा एक प्रश्न विचारला गेला नाही. या अभ्यासाच्या आधारे धोरण निश्चित झाले : खास क्षयरोगाच्या इमारती नकोत, ज्या साध्या दवाखान्यात माणूस खोकला घेऊन येतो, तेथेच थुंकी तपासावी आणि तेथूनच औषध द्यावे. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची हीच बैठक होती.

कागदावर कार्यक्रम उत्तम होता. प्रत्यक्षात पुढची तीस वर्षे तो रखडत चालला. मद्रासच्या पद्धतीतील स्वस्त भाग तेवढा देशभर उचलला गेला, मेहनतीचा भाग मागे राहिला. घरी औषध देण्याची सोय झाली, पण घरी जाऊन विचारणारी सेविका नव्हती. कापड घेतले आणि शिलाई दिली नाही, असा हा व्यवहार झाला. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबला की रुग्ण औषध सोडी. मद्रासच्या केंद्राने त्यावरही उपाय शोधून ठेवला होता. १९६० च्या दशकातच आठवड्यातून दोनदा, सेवकाच्या डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत तेथे पारखून झाली होती. पण १९९२ साली कार्यक्रमाचा आढावा घेतला गेला आणि औषधांचा तुटवडा, अपुरा निधी व अर्धवट उपचार यांचे चित्र समोर आले, त्यानंतरच १९९३ पासून ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात आपल्याच देशातील कार्यक्रमात दाखल झाली. तिचे इंग्रजी लघुनाव 'डॉट्स' सर्वतोमुखी झाले, मूळ गाव मात्र विस्मरणात गेले. १९९७ पासून विस्तारत ती २००६ साली संपूर्ण देशात पोहोचली. रोज एकत्रित गोळी देण्याची पद्धत २०१७ साली आली.

खाजगी वैद्यकाची कथा निराळी. १९९१ साली मुंबईतील १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रुग्णास कोणती औषधे द्याल असे विचारले असता, ८० वेगवेगळ्या प्रकारची उत्तरे मिळाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अशाच पाहणीत १०६ डॉक्टरांकडून ६३ प्रकार आले. रक्ताच्या थेंबावरून क्षय ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्यांचा तर बाजारच भरला होता. त्या निरोग्याला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवीत; तरी झटपट होत असल्यामुळे लोकांच्या पसंतीस उतरल्या होत्या. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नयेत असे स्पष्ट बजावले आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. गरीब माणसाच्या खिशातील पैसा चुकीच्या चाचणीवर जाणे, हा रोगाइतकाच मोठा आघात होय.

थुंकीच्या जुन्या तपासणीलाही मर्यादा होत्या, हे मान्य केले पाहिजे. एका मिलीलिटरमध्ये पाच-दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकात सहसा सापडत नाहीत. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. औषधाला दाद न देणारा जंतू कोणता, हे काचपट्टी सांगू शकत नाही. २०१० साली जंतूच्या जनुकावरून दोन तासांत रोग व औषधप्रतिकार दोन्ही दाखविणारी 'जीन-एक्सपर्ट' चाचणी मान्य झाली. परंतु तिला अखंड वीज व थंड खोली लागते, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेमकी त्याचीच वानवा. ही उणीव ओळखून गोव्यातील मोलबायो या कंपनीने बॅटरीवर चालणारे 'ट्रूनॅट' हे छोटे यंत्र विकसित केले. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या वापरास संमती दिली. सत्तर वर्षांपूर्वीचाच प्रश्न, साधन कमी असलेल्या ठिकाणी खात्रीचे निदान कसे होईल, हा येथे पुन्हा नव्या यंत्रापुढे उभा राहिलेला दिसतो.

शेवटी आहाराविषयी. मद्रासच्या अभ्यासाचा अनेकांनी सोयीचा अर्थ लावला की, क्षयरुग्णाच्या जेवणाची चिंता करण्याचे कारण नाही. संशोधकांनी म्हटले होते ते इतकेच की, औषध नियमित असेल तर निकृष्ट आहारातही रोग बरा होऊ शकतो. भुकेल्या घरात तो मुळात शिरतो कसा, हा प्रश्न त्या अभ्यासाच्या कक्षेत नव्हता. तो पुढे डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये हाती घेतला. २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे या अभ्यासात होती. सर्व रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला गेला. निम्म्या गटांत घरच्या इतर माणसांनाही तांदूळ व डाळ देण्यात आली. औषध नव्हे, लस नव्हे, केवळ शिधा. २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकांत निष्कर्ष छापून आले : ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले.

त्यापूर्वीच, २०१८ सालापासून केंद्र सरकारने उपचाराखालील रुग्णास आहारासाठी दरमहा ५०० रुपये थेट बँकेत जमा करण्याची योजना सुरू केली होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली. २०२२ साली 'नि-क्षय मित्र' या नावाने व्यक्ती, व्यापारी पेढ्या व सार्वजनिक न्यास यांना रुग्णांच्या शिध्याचा भार उचलण्याची मुभा मिळाली. त्या शिध्यात रुग्णाच्या घरच्या माणसांचा समावेश २०२४ साली झाला.